दोन गुणांची टीप

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या विहारात दहावीच्या मुलांचा अभ्यासवर्ग चालला होता. पवनी तालुक्यातले हे गाव. मी इथलाच, आता जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वर्ग सुटताना एका मुलीने शाळेतल्या चाचणीची उत्तरपत्रिका माझ्यापुढे धरली. ‘वंचितांचा इतिहास’ या विषयावर टीप लिहायची होती. गुण दोन. तिने लिहिले होते की, १९५४ साली तिची पणजी चार कोस पायी चालत मतदानाला गेली, तिने दोन मते दिली, त्यातले एक बाबासाहेबांना; आणि बाबासाहेब पडल्याची खबर आली तेव्हा वस्तीत दोन रोज चूल पेटली नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून हा वंचितांचा इतिहास आहे, असा तिचा शेवट होता. तपासणाराने ‘दोन मते’ या शब्दांभोवती लाल गोल काढला होता. खाली शून्य, आणि शेरा : ‘विषय सोडून’.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते नियमाने चुकलेले नाहीत. २०१८ पासून दहावीला जे इतिहासाचे पुस्तक आहे त्यात ही टीप येते. ग्राम्शी, रणजित गुहा, जोतीरावांची ‘गुलामगिरी’ आणि बाबासाहेबांचे शूद्रांवरचे व अस्पृश्यांवरचे ग्रंथ, एवढे मुद्दे तिथे आहेत. ही नावे शालेय पुस्तकात यावीत यासाठी आपल्या चळवळीने काय काय केले आहे, ते या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण नावे पुस्तकात आली आणि लगेच अर्ध्या अर्ध्या गुणाची झाली. गंमत अशी की त्याच पुस्तकात म्हटले आहे, असा इतिहास तळागाळातल्या माणसापासून लिहावा आणि लोकपरंपरा हे त्याचे महत्त्वाचे साधन मानावे. मुलीने नेमके तेच केले. पुस्तक जे करायला सांगते ते करणाऱ्याला शून्य आणि जे सांगितले तेच उतरवणाऱ्याला दोन, असा हा हिशेब आहे.

मला हा हिशेब नवा नाही. मी नववीत होतो, २००३ च्या आसपासची गोष्ट. मायबाप रोवणी आणि कापणीच्या मजुरीवर जगणारे. दहावीचा फॉर्म भरणारा मी घरातला पहिला. स्तूपाविषयी माहिती लिहा, असा प्रश्न आला. मी सांची लिहिली आणि पुढे उत्साहाने लिहिले की आमच्या पवनीलाही स्तूप होते, जगन्नाथ टेकडीवर. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व खाते आणि नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली सापडली. अर्थात हे तपशील मला पुढे एम.ए.ला असताना कळले. तेव्हा माझ्याजवळ फक्त आजाने दाखवलेली टेकडी होती. गुरुजींनी तेवढा परिच्छेद खोडला आणि वर्गात म्हणाले, “सांची विचारली आहे, पवनी नाही.” वर्ग हसला. मीही हसलो, हे आज सांगताना बरे वाटत नाही.

गुणांचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी शिष्यवृत्त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवले होते. चढाओढीने शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते, पण ज्यांच्या घरी विद्या आधीच आहे त्यांनाच ती मिळते, आणि ज्यांच्यात शिक्षण पोचलेच नाही ते मागे राहतात, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी. आजच्या भाषेत अडतीस टक्केही नाहीत. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागलेल्या मुलाचे हे गुण. त्यांच्या अभिनंदनाच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकावर कुठल्या परीक्षेत प्रश्न येणार नव्हता. पण १९५६ च्या नागपूरपर्यंत जाणारी वाट शोधायची तर २८२ या आकड्यापाशी ती सापडत नाही, त्या भेटीपाशी सापडते.

तरीसुद्धा परीक्षा मोडीत काढा असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. आपल्यातले काही मित्र तसे म्हणतात; त्यांनी खेड्यातल्या शाळेत गुण मोजून घेतलेले नसावेत. आमच्या वर्गात तोंडी परीक्षेचे गुण कोणाला किती पडणार हे आडनावावरून आधीच सांगता यायचे. बोर्डाच्या परीक्षेत प्रथमच माझ्या उत्तरपत्रिकेवर नाव नव्हते, फक्त बैठक क्रमांक होता. त्या क्रमांकाने मला जो न्याय दिला तो माझ्या शाळेने दहा वर्षांत दिला नव्हता. २०१०-११ पासून आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित मूल्यमापन आले, मुलांविषयी वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना चांगली होती. पण नोंद लिहिणारा हात कोणाचा, हा प्रश्न त्या कागदांत नव्हता. २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले गुण काढले, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले. शाळेच्या हातातले गुण मुलाला तारतात हे खरे. आणि कोणाला तारायचे ते शाळा ठरवते, हेही खरे. बैठक क्रमांक जात झाकतो, पण घरचा इतिहास बोलू देत नाही. तोंडी परीक्षेत घरचे बोलता येते, पण तिथे आडनाव ऐकू येते. या पेचातून सोपी वाट मला दिसत नाही.

आता त्या लाल गोलाकडे येतो. ‘दोन मते’ वाचून प्रथम मलाही वाटले, म्हातारीने बोगस मत दिले की काय! मी इतिहासाचा शिक्षक, तरी हे वाटले. मग आठवले. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि इथला लोकसभा मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब पडले. असे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. म्हणजे पणजी खरे सांगत होती आणि लाल शाई खोटे.

आणि राखीव जागेवर संविधानाचा शिल्पकार का पडतो? कारण जागा राखीव असली तरी मतदार सगळे. ती व्यवस्था २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातून आली. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. आपली मुले पुणे करार शिकतात तो रिकाम्या जागा भरण्यापुरता. त्याचा अर्थ या जिल्ह्याच्या मतपेट्यांत बावीस वर्षांनी उघडा पडला, हे चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेत, ज्यात इतिहासाला अठ्ठावीस आणि राज्यशास्त्राला बारा, कुठेच बसत नाही. इतिहास एकीकडे, मतदान दुसरीकडे.

मी स्वतः विद्यापीठाचे गठ्ठे तपासतो. नमुना उत्तर शेजारी ठेवतो आणि मुद्दे मोजतो. गेल्या पंधरा वर्षांत कितीजणांची पणजी मी खोडली असेल, याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

मुलीने विचारले, “सर, मग बोर्डाच्या पेपरात काय लिहू?” मी म्हणालो, आधी पुस्तकातली नावे लिही, खाली पणजी लिही. ती म्हणाली, दोन गुणांना तेवढी जागा लिहू देत नाहीत. तिचे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आम्ही तिच्या आजीकडे गेलो. आजी धान पाखडत होती. पोलिंग कुठे होते ते तिला आठवेना. दोन मतांचे विचारताच मात्र लगेच बोलली. त्या काळी दरेक उमेदवाराची पेटी वेगळी असे. “माही माय सांगे, दोन कागद देल्ले होते, दोन डब्यात टाकले. एक बाबासाहेबाच्या डब्यात.”

“आणि दुसरा?” मुलीने विचारले.

“दुसरा कोनाच्या डब्यात टाकला, थे तिनं मरेपरेंत कोनाले सांगितलं नाही.”

मुलीने ते तसेच लिहून घेतले.