डिजिटल समावेशन : अमौसी, लखनौ

सरकारी दाखला, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती किंवा तक्रार यांसाठीची ऑनलाइन सेवा कोणालाही वापरता यावी, यासाठी इंटरनेट, फोन, कळणारी भाषा, ओळख पटवण्याची सोय आणि अडल्यावर विचारायला एक माणूस लागतो. या सगळ्याला मिळून डिजिटल समावेशन म्हणतात.

कानपूर रस्त्यावरच्या अमौसीत या विषयाची दोन्ही टोके शेजारीशेजारी सापडतात. 2008 मध्ये चौधरी चरणसिंह यांचे नाव मिळालेला लखनौचा विमानतळ इथलाच. तिथे ऑगस्ट 2023 मध्ये ‘डिजियात्रा’ आली. आधारशी जोडलेला चेहरा कॅमेऱ्याने ओळखला, की फाटक उघडते. ही सोय ऐच्छिक आहे. ज्याला ती नको, त्याच्यासाठी ओळखपत्र पाहणारा जवान उभा असतो.

विमानतळाबाहेर, औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांची निकड वेगळी. मुलाच्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो, जमिनीच्या कामाला खतौनीची नक्कल (आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या जातीची). यांचे अर्ज घरबसल्या करता येतात, तरी बरेच जण जनसेवा केंद्र गाठतात. तिथला चालक फॉर्म भरतो, कागद स्कॅन करतो आणि ओटीपी विचारतो. हा ओटीपी आलेला असतो परगावी कामाला गेलेल्या मुलाच्या फोनवर, कारण घरातला नंबर त्याच्याच नावाचा. मग फोन लावायचा आणि त्याने उचलेपर्यंत थांबायचे. अंगठा लावून पैसे काढायचे असतील, तर राबून झिजलेल्या बोटाच्या रेषा यंत्रावर उमटत नाहीत. बोट फडक्याला पुसून पुन्हा टेकवायचे, नाहीतर दुसरे बोट लावून पाहायचे.

या केंद्रांचा एक पूर्वज लखनौच्या उत्तरेला सापडतो. सीतापूर जिल्ह्यात नोव्हेंबर 2004 मध्ये ‘लोकवाणी’ सुरू झाली. खासगी चालकाने थोड्या शुल्कात गावातूनच तक्रार नोंदवायची आणि ती जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पोचवायची, अशी तिची रीत. 2006 मध्ये केंद्र सरकारने देशभर सामाईक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. महाराष्ट्रात हेच काम सेतू, महा-ई-सेवा आणि ‘आपले सरकार’ केंद्रांकडे आले. ठरल्या मुदतीत सेवा मिळण्याचा कायदा उत्तर प्रदेशाने 2011 मध्ये केला, महाराष्ट्राने 2015 मध्ये.

फोन घरात असला तरी तो कोणाच्या हातात असतो, हा प्रश्न उरतोच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के होत्या, पुरुष 57.1 टक्के.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रकरण बँक, सिमकार्ड यांसाठीच्या केवायसीचे होते. समोरची व्यक्ती जिवंत आहे हे पडताळायला कॅमेरा डोळ्यांची उघडझाप मागतो. अॅसिडहल्ल्यात पापण्या गमावलेल्यांनी आणि अंधांनी ती कशी करावी? न्यायालयाने 20 निर्देश दिले. पडताळणीचे दुसरे मार्ग उपलब्ध करून द्यावेत आणि कागदावरची केवायसीही चालू ठेवावी, असे त्यांत सांगितले.