पात्रनिर्मिती व आत्मप्रतिमा

कल्पनारम्य भूमिकाखेळात पात्राचा वंश, चेहरा व शरीरयष्टी निवडताना खेळाडूची स्वतःविषयीची धारणा आणि इच्छा व्यक्त होते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. त्यात पात्राचे रूप खेळाडूच्या वर्णनातून उभे राहते. संगणकीय खेळांत मात्र ते निर्मात्यांनी दिलेल्या साच्यांतूनच घडवावे लागते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंवरील २००७ च्या एका अभ्यासात पात्राचे गुण खेळाडूच्या प्रत्यक्ष स्वभावापेक्षा त्याच्या आदर्श ‘स्व’च्या जवळ जाणारे आढळले. मानसिक स्वास्थ्य कमी असलेल्यांत हा कल अधिक होता. त्याच वर्षी संशोधक निक यी व जेरेमी बेलेन्सन यांनी ‘प्रोटियस परिणाम’ मांडला. त्यांच्या प्रयोगांत, आभासी दालनात आकर्षक रूप मिळालेली माणसे समोरच्याच्या अधिक जवळ जाऊन उभी राहत व स्वतःबद्दल जास्त बोलत. उंच रूप मिळालेली माणसे पैशांच्या वाटणीत अधिक ताठर राहत. म्हणजे पात्राचे शरीर उलट ते वापरणाऱ्यावरही प्रभाव टाकते.

म्हणूनच उपलब्ध पर्यायांना महत्त्व आहे. योद्धा पिळदार आणि योद्धी सडपातळ, हा साचा फार काळ टिकला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०१९ साली खेळण्यास खुल्या झालेल्या कुल टिरान वंशातील स्त्रिया रुंद बांध्याच्या, भरदार आहेत; हा बदल स्वागतार्ह होता. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) या संगणकीय खेळाने आवाज, सर्वनाम व शरीर यांची निवड स्वतंत्र केली, पण स्थूल शरीर त्यातही मिळत नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण स्वतःसारखेच दिसणारे पात्र हवे असणारे खेळाडूही असतात.