सहाशेच्या आत

एनव्हिडियाच्या ए100 आणि ए800 या दोन चिपचे तपशील मी शेजारी ठेवून पाहिले. गणिताचा वेग तोच, मेमरी तीच. फरक एका ओळीत: इतर चिपशी बोलण्याचा वेग एकीचा सेकंदाला 600 जीबी, दुसरीचा 400.

ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर बंधनं घातली, आणि नियमात हाच 600 चा आकडा होता. पुढच्याच महिन्यात ए800 हजर! अट कुठे लागू होत नाही ते शोधणं हा आमचा रोजचाच धंदा, त्यामुळे मला आधी हसू आलं. मग आठवण झाली त्या इंजिनिअरची, ज्याला चांगली चालणारी चिप मुद्दाम मंद करायचं काम मिळालं असेल.

1999 मध्ये ॲपलने उलटं केलं. सेकंदाला 2000 दशलक्ष क्रियांपेक्षा वेगवान यंत्र भारत-चीनसारख्या देशांना सरळ पाठवता येत नसे. पॉवर मॅक जी4 त्या रेषेपलीकडे गेला, तर यांनी रणगाड्यांनी वेढलेल्या मॅकची जाहिरातच केली. पुढे सरकारने मर्यादा वाढवली.

एनव्हिडियाला ते नशीब नव्हतं. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने मोजपट्टीच बदलली: संवादाचा वेग सोडून एकूण गणनशक्ती आणि तिची घनता. ए800 बाद. मग एच20 आली. गणनशक्ती बरीच कापलेली, मेमरी मात्र तगडी. एप्रिल 2025 मध्ये तिलाही परवाना लागला. कंपनीने साडेपाच अब्ज डॉलरचा फटका जाहीर केला.