वाळू, खडक आणि खाडी

समुद्र सगळीकडे सारखाच, असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. कोकणात आमच्या घरी पुळण, खडक आणि खाजण हे शब्द मी शाळेत जाण्याआधीच शिकलो. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, खाजण म्हणजे खाडीकाठची खारी चिखलट जमीन. आता पन्नाशी ओलांडल्यावर सवड मिळेल तसा मी हे किनारे पाहत फिरतो. प्रत्येक ठिकाणी इतिहास वेगळा का घडला, याचं उत्तर बरेचदा पायाखालीच असतं.

अलिबागची पुळण पाहा. तिचा उतार इतका मंद आहे, की ओहोटीला माणसं चालत कुलाबा किल्ल्यात जातात. भरती आली, की तोच किल्ला बेट होतो. आंग्र्यांच्या या किल्ल्याला समुद्रानंच दिवसातून दोनदा खंदक पुरवला.

मालवणला राज्य खडकाचं. पाण्याखाली दडलेले खडक ओळखीच्या नावाड्याला वाट देतात, परक्या जहाजाचा तळ फोडतात. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्यामागे हीच जाण होती. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तिथं उभा राहिलो, की मला महाराजांच्या आरमारातला दौलतखान आठवतो.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी. जहाजांना वाऱ्यापासून आडोसा हवा असतो, तो खाडी देते. म्हणून इथं अरबस्तानचे घोडे उतरत आणि हजचे यात्रेकरू जहाजात चढत. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी हे बंदर जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. सतराव्या शतकातली मशीद तिथं अजून पाण्याजवळ उभी आहे.

पण माझा जीव गुंततो तो चौलला. एके काळचं हे मोठं बंदर गाळानं भरत गेलं. शहर होतं तिथं आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. तिथल्या किनाऱ्यावर एका सद्गृहस्थांशी गप्पा झाल्या. निघताना ते कौतुकानं म्हणाले, “तुमचं मराठी फार छान आहे हो. कुठं शिकलात?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरीही ते वाक्य पायात शिंपल्याची कपची रुतावी तसं रुतलं.

अरब प्रवासी मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी याच चौलला आला होता. इथं सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं. त्यातल्या इथंच जन्मलेल्यांसाठी ‘बयासिरा’ असा वेगळा शब्दही त्यानं नोंदवला. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं. बंदर, दर्या, खलाशी, मोसम हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत नांदू लागले. ते मराठी कुठं शिकले, असं त्यांना कुणी विचारत नाही.

हे सगळं त्या गृहस्थांना सांगायचं मनात होतं. मी एवढंच म्हणालो, “घरीच शिकलो, आईकडून.” ते हसले, मीही हसलो. मग आम्ही दोघं ओल्या वाळूतून गप्पा मारत गावाकडे निघालो.