इंजिनाविना उडालेले लढाऊ विमान

१/
१९५९ साली बंगलोरच्या धावपट्टीवरून एक डकोटा विमान आकाशात झेपावले. त्याच्या मागे दोराने जोडलेले दुसरे विमान होते. मागे वळलेले पंख, टोकदार नाक, आत दुमडणारी चाके. दिसायला अगदी जेट लढाऊ विमान. मात्र ते लाकडाचे होते आणि त्यात इंजिन नव्हते. त्याचे नाव एक्स-२४१. ग्लायडरला जेट इंजिन बसवण्याच्या कल्पनेचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा अध्याय या लाकडी विमानापासून सुरू होतो. त्याची मुळे मात्र थेट कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावापर्यंत जातात. 🧵

२/
प्रथम ग्लायडर म्हणजे काय, ते पाहू. चैत्र-वैशाखातील दुपारी पेण-रोहे परिसरात तापलेल्या डोंगरउतारांवर घारी पंख न हलवता वर चढताना दिसतात. तापलेली हवा वर येते आणि घार तिच्यावर स्वार होते. ग्लायडरही तेच करतो. वर चढणारी हवा मिळाली तर तो उंची कमावतो. न मिळाली तर कमावलेली उंची हळूहळू खर्च करीत पुढे सरकतो. उंची हेच त्याचे इंधन.

३/
हा खर्च किती काटकसरीने होतो, यावर ग्लायडरची गुणवत्ता ठरते. आजचा उत्तम ग्लायडर १ किलोमीटर उंचीच्या मोबदल्यात ५० किलोमीटर अंतर कापतो. पेण ते रोहे हे सरळ रेषेत सुमारे ३३ किलोमीटर अंतर आहे. पेणच्या माथ्यावर १ किलोमीटर उंचीवर सोडलेला असा ग्लायडर शांत हवेत रोह्यापर्यंत सहज पोहोचेल आणि तरीही त्याच्या हाती उंची शिल्लक राहील. लढाऊ विमानाच्या आखूड, तिरक्या पंखांचा सांगाडा मात्र त्याच उंचीवरून नागोठण्याच्या अलीकडेच जमिनीला टेकेल.

४/
मग एवढ्या उडाणटप्पू आकाराला इंजिनाविना उडवण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर पेणच्याच कारखान्यांत सापडते. गणेशमूर्तीचा मूर्तिकार आधी एक मूळ मूर्ती घडवतो, ती सर्व बाजूंनी निरखतो, दोष काढतो आणि मगच तिच्यावरून साचा घेतो. साचा निघाल्यावर राहिलेली चूक प्रत्येक मूर्तीत उतरते. एक्स-२४१ ही मारुत या विमानाची अशीच मूळ मूर्ती होती. हे विमान हवेत स्थिर राहते का, हुकूम पाळते का, हे धातूचा साचा पडण्यापूर्वी पाहायचे होते.

५/
आता थोडे मागे जाऊ. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनयुक्त विमानांवर कडक बंधने घातली. जर्मन तरुण ग्लायडरकडे वळले आणि वासरकुप्पे ही टेकडी त्यांची पंढरी झाली. इंजिनाची ताकद हाताशी नसल्याने पंखांचा आकार, हवेचा रोध आणि वजन यांचा अभ्यास त्यांना अपरिहार्य होता. ११ जून १९२८ रोजी फ्रिट्झ श्टामर याने त्याच टेकडीवरून रॉकेट लावलेला ‘एंटे’ हा ग्लायडर उडवला. अलेक्झांडर लिपिश हा त्याचा रचनाकार.

६/
याच जर्मनीत, ग्योटिंगेन विद्यापीठात, लुडविग प्रांटल शिकवत होते. वाहत्या हवेचा पृष्ठभागाला चिकटून राहणारा पातळ थर कसा वागतो, हे त्यांनी १९०४ मध्ये मांडले होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया तो हाच. १९३६ मध्ये त्यांच्याकडे डॉक्टरेट पूर्ण करणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याचे नाव होते विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, गाव कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू.

७/
डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगलोर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. घाटगे तेथे दाखल झाले. बंगलोरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये सुरू झालेल्या वैमानिक अभियांत्रिकी विभागाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. कारखाना आणि वर्ग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पाया घालणारी माणसे इतिहासात थोडीच आढळतात.

८/
कंपनीच्या आरंभीच्या काळातच घाटगे यांनी जी-१ या विमानाची रचना केली. ते १० जणांना वाहून नेणारे सैनिकी ग्लायडर होते. भारतीयाने आखलेले आणि भारतात घडलेले या कंपनीचे पहिले विमान इंजिनाविना होते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. युद्धकाळात विमानाचे इंजिन बाहेरूनच येणार होते. लाकूड, कौशल्य आणि गणित मात्र येथेच उपलब्ध होते. जी-१ चे मोठे उत्पादन झाले नाही. पुढे कारखान्याचे बळ प्रामुख्याने अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीकडे वळले.

९/
स्वातंत्र्यानंतर घाटगे यांच्या चमूने एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते उडाले आणि वायुदलाच्या कित्येक पिढ्यांनी त्यावर उड्डाणाचे धडे गिरवले. या विमानाला पंख्याचे इंजिन होते, तेही परदेशी. ग्लायडर झाला, पंख्याचे विमान झाले. पुढची पायरी जेटची होती.

१०/
त्याच सुमारास फ्रान्समध्ये एक विलक्षण प्रयोग यशस्वी झाला. टर्बोमेका या कंपनीने पिमेने नावाचे चिमुकले जेट इंजिन तयार केले. त्याचा रेटा जेमतेम १०० किलोच्या घरातला. फूगा कंपनीच्या रॉबेर कास्तेलो आणि पिएर मोबुसां या रचनाकारांनी ते सिल्फ या ग्लायडरच्या पाठीवर बसवले. १४ जुलै १९४९ रोजी सिल्फ उडाला. इंजिनाचा तप्त झोत शेपटीवर आदळू नये म्हणून शेपटी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी केली होती. झोत त्या दोन पात्यांमधून निघून जाई.

११/
ग्लायडरला जेट का मानवते आणि का मानवत नाही, हेही समजून घ्यावे. पंखा पुष्कळ हवा थोड्या वेगाने मागे ढकलतो. जेट थोडी हवा प्रचंड वेगाने ढकलते. त्यामुळे कमी वेगात जेट इंधन अक्षरशः पिते. पण ते लहान असते, थरथरत नाही आणि बंद केल्यावर अंगात दुमडून घेता येते. म्हणून आजही काही स्पर्धात्मक ग्लायडरमध्ये सुमारे ४० किलो रेट्याचे जेट असते. चढती हवा हरवली की वैमानिक ते काही मिनिटे चालवतो आणि शेतात उतरण्याची नामुष्की टाळतो.

१२/
सिल्फची कहाणी तेथे थांबली नाही. तीच शेपटी आणि तोच अनुभव घेऊन २३ जुलै १९५२ रोजी फूगा माजिस्तेर हे दोन इंजिनांचे जेट प्रशिक्षण विमान उडाले आणि अनेक देशांच्या वायुदलांत गेले. येथे एक गोष्ट निर्णायक ठरली. फ्रान्सकडे ग्लायडरही स्वतःचा होता आणि इंजिनही स्वतःचे. पंख वाढले तसे इंजिन वाढवता आले. भारताच्या वाट्याला या जोडीतील एकच गोष्ट आली.

१३/
१९५६ मध्ये कर्ट टांक बंगलोरला आले. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० या गाजलेल्या विमानाचे ते रचनाकार. वायुदलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान हवे होते. टांक यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी मारुत आखले आणि त्याच्या खऱ्या आकाराचा लाकडी ग्लायडर म्हणून एक्स-२४१ बांधला. डकोटा त्याला उंचावर ओढून नेई, दोर सुटे आणि वैमानिक त्या जड, आखूड पंखांच्या सांगाड्याला तोलत धावपट्टीकडे आणी. अशी डझनावारी उड्डाणे झाली. अखेर उतरताना पुढचे चाक न उघडल्याने त्याची मोडतोड झाली. तोवर हवे होते ते ज्ञान हाती आले होते.

१४/
१७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरे मारुत उडवले. आकार तोच, पण आता धातूचा, आणि पोटात दोन ऑर्फियस जेट इंजिने. ऑर्फियस हे मुळात नॅटसारख्या हलक्या विमानासाठी गाजलेले ब्रिटिश इंजिन. बंगलोरला ते परवान्याने तयार होई. प्रत्येकाचा रेटा सुमारे २२०० किलो. मारुत ज्या इंजिनाच्या भरवशावर आखले होते, त्या ऑर्फियस-१२ चा रेटा आफ्टरबर्नरसह सुमारे ३७०० किलो असणार होता.

१५/
ते इंजिन कधीच आले नाही. ब्रिटनला स्वतःसाठी त्याची गरज उरली नाही आणि विकासाचा खर्च उचलण्यास दिल्ली तयार झाली नाही. त्या निर्णयामागचा काळही पाहायला हवा. रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत देशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली. यंत्रसामग्री, धान्य, पोलाद या सगळ्यांचीच ओढाताण होती. निर्णय समजण्याजोगा होता. त्याची किंमत मात्र पुढची ३० वर्षे मोजावी लागली.

१६/
ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेले शरीर ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडखळले. इजिप्तमध्ये तयार होत असलेले इंजिन मारुतवर चाचणीसाठी बसवले गेले. तो प्रयत्नही सोडून द्यावा लागला. ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडण्याचे काम बंगलोरला सुरू होते. १० जानेवारी १९७० रोजी तसे मारुत उडवताना सुरंजन दास अपघातात मृत्युमुखी पडले. ज्या वैमानिकाने मारुतला पहिल्यांदा आकाश दाखवले, त्याचाच बळी या उड्डाणात गेला.

१७/
तरीही मारुतला केवळ अपयश म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर त्याने जमिनीलगत हल्ले केले. हवाई द्वंद्वात एकही मारुत पडले नाही आणि एक इंजिन निकामी होऊनही विमाने तळावर परतली. प्रशिक्षण आवृत्तीसह सुमारे १४७ मारुत तयार झाली; १९९० मध्ये ती निवृत्त झाली. लाकडी ग्लायडरने दिलेले शिक्षण खरे ठरले होते: शरीर उत्तम होते, हृदय छोटे पडले.

१८/
घाटगे यांचा स्वतःचा जेटपर्यंतचा प्रवासही पुरा झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. याच्या मागण्या माफक होत्या, त्यामुळे हाती असलेले परदेशी इंजिन पुरेसे ठरले. पुढे वायुदलाच्या सूर्यकिरण पथकाने किरणवरच कसरती करून देशभरच्या मुलांना माना वर करायला लावल्या. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९/
मराठी समाजमाध्यमांवर विमानविद्येचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव पुढे येते. १८९५ च्या चौपाटीवरील उड्डाणाच्या कथेला भक्कम समकालीन पुरावा नाही. वैमानिक शास्त्र या ग्रंथातील विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तो अभ्यास ज्या विभागांत झाला, त्यांपैकी वैमानिक अभियांत्रिकी विभागाच्या पायाभरणीत घाटगे होते. पुराव्यानिशी उभा असलेला अभिमानाचा विषय उपलब्ध असताना पुराव्याविना दुसरा कवटाळण्याचे कारण नाही.

२०/
इंजिनाचा प्रश्न अजून संपलेला नाही. लक्ष्य या वैमानिकरहित विमानासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने सुमारे ३८० किलो रेट्याचे लहान जेट इंजिन देशातच विकसित केले. तेजस हे लढाऊ विमान मात्र आजही अमेरिकी इंजिनावर उडते, कारण त्याच्यासाठी हाती घेतलेले कावेरी वेळेत अपेक्षित रेट्यापर्यंत पोहोचू शकले नाही. जी-१, एक्स-२४१, मारुत, तेजस: चारही वेळा विमानाचा देह येथे घडला.

२१/
ग्लायडर उंची खर्च करून पुढे जातो, आणि ती उंची त्याला कुणीतरी ओढून दिलेली असते. दोर डकोटाचा असो वा परदेशी इंजिनाच्या कराराचा, तो दुसऱ्याच्या हाती असतो. घाटगे यांच्या पिढीने दोर सुटल्यानंतरही विमान कसे सांभाळावे, हे शिकून घेतले आणि पुढच्यांना शिकवले. स्वतःच्या बळावर वर चढण्याचे काम त्यांनी पुढच्या पिढीकडे सोपवले आहे. या धाग्याच्या वाचकांत त्या पिढीतील कुणी अभियंता असेल, तर हा इतिहास त्याच्यासाठी आहे.