एक ‘पाव’, अनेक मुळे

दोन शब्दांचा उच्चार सारखा दिसला की त्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. शब्दांच्या इतिहासात हा मोह आधी आवरावा लागतो. ‘पाव’ हा छोटा शब्द घेऊन याचे कारण पाहू.

चंदीगड विमानतळाजवळच्या एअरोसिटीत, एखाद्या दुकानात मुंबईचा विद्यार्थी नुसते ‘पाव द्या’ म्हणाला, तर ‘पाव किलो काय?’ असा उलट प्रश्न येऊ शकतो. हिंदीत पाव म्हणजे मुख्यतः चौथा हिस्सा. मराठीत मात्र या एकाच उच्चाराचे तीन शब्द आहेत.

पहिला पाव म्हणजे चतुर्थांश. तो संस्कृत ‘पाद’पासून आला. जनावराच्या चार पायांपैकी एक, म्हणून पाद म्हणजे चौथा भाग. पाऊण हा शब्दही ‘पाद + ऊन’, म्हणजे पावाने कमी, असाच बनला आहे. दुसरा पाव ‘देवा, पाव’ यातला. तो ‘पावणे’ या क्रियापदाचा असून त्याचे मूळ संस्कृत ‘प्राप्’ हे आहे. तिसरा पाव बेकरीतला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. ‘पांव’ असा सानुनासिक उच्चार असलेला त्यांचा शब्द कोकणी-मराठीत रुळला. त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’ आहे. पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोहोचले आणि तिथेही पावाला ‘पान’ हे नाव पडले.

कणीक पायांनी मळतात म्हणून ‘पाव’, किंवा लादीचा चौथा तुकडा म्हणून ‘पाव’, अशा व्युत्पत्ती आजही ऐकू येतात. त्या केवळ उच्चारावर उभ्या आहेत. त्यांतली पहिली तर भट्टीवर राबणाऱ्यांविषयी विनाकारण घृणा पसरवते.

आता मराठीशी कुळाचे नाते नसलेल्या भाषा पाहू. हवाई बेटांच्या भाषेत ‘पाउ’ म्हणजे संपले. चिनी भाषेत ‘पाओ’ म्हणजे धावणे आणि, सूर बदलला की, तोफ. चिनी ‘बाओ’ म्हणजे सारण भरलेला वाफवलेला गोळा. त्याचे पोर्तुगीज पावाशी साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. कोणत्याही भाषेत ध्वनी मोजकेच असतात. त्यामुळे छोटे शब्द एकमेकांशी जुळणे अटळच असते.

मग नाते ओळखायचे कशावरून? विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, तेव्हा त्यांचा भर क्रियापदांच्या धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर होता. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये ध्वनिबदलांचा नियम मांडला. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ येतो: पितृ–फादर, पाद–फूट. असा बदल अनेक शब्दांत नियमाने दिसला तरच तो पुरावा ठरतो. या कसोटीवर चतुर्थांशाच्या पावाचे नातलग इंग्रजी ‘फूट’ आणि पोर्तुगीज ‘पे’ (पाय) हे ठरतात. एकाच दुकानात, एकाच उच्चाराने मागितला जाणारा बेकरीचा पाव मात्र त्याचा कोणीच लागत नाही.

म्हणून शब्दावरून एखाद्या समाजाचे, पदार्थाचे किंवा गावाचे मूळ सांगणारा दावा समोर आला, की तीन प्रश्न विचारावेत. हा योगायोग आहे, उसनवारी आहे, की समान वारसा? उसनवारी असेल तर त्या दोन समाजांचा संपर्क केव्हा आणि कुठे आला? वारसा असेल तर ध्वनिबदलाचा तोच नियम आणखी कोणत्या शब्दांत दिसतो? उत्तरे मिळेपर्यंत दावा वहीत टिपून ठेवावा, सिद्ध मानू नये.