प्रवास विमा

प्रवास विमा : प्रवास रद्द होणे, लांबणे किंवा अर्ध्यावर सोडावा लागणे, सामान हरवणे, परदेशात आजारपण ओढवणे यांमुळे होणारे आर्थिक नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंत भरून देणारा सर्वसाधारण विम्याचा प्रकार. शेंगेन देशांच्या अल्पमुदती व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण सक्तीचे आहे.

विमाधारकाचे गंभीर आजारपण वा निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू अशा कारणांनी प्रवास रद्द झाल्यास परत न मिळणारे तिकीट व हॉटेलचे पैसे मिळतात. विमानाला पॉलिसीत नमूद तासांहून अधिक उशीर झाला, तर भरपाई मिळते. दाव्यासाठी बोर्डिंग पास, विमान कंपनीचे विलंबाचे पत्र व मूळ पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमानवाहतूक अनेक दिवस ठप्प झाली. राख ‘खराब हवामाना’त मोडते का, यावर तेव्हा विमा कंपन्यांत एकवाक्यता नव्हती. आधीच जाहीर झालेले संकट, तसेच केवळ बेत बदलल्याने रद्द केलेला प्रवास बहुधा वगळलेला असतो.

भारतात या विम्यावर भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे नियंत्रण आहे. कंपनीकडे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.